पाठीवरचा हात

सातपूरला कारखान्याची पाळी सुटली की आम्ही घोळक्याने सायकली हाणायचो. समोरून वारा असला की शेजारच्या थकलेल्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे रेटायचं, ही आमची रीत. "हाणा मामा, मामी वाट बघतेय!" असं एखाद्या वयस्कर कामगाराला म्हटलं की ते मामाही हसत पाय मारायचे.

आठवीत शाळा सोडलेला मी आता या लांबच्या बेटावर हॉटेलात भांडी घासतो. इथे झाड नाही, वारा मात्र थांबत नाही. हौशी पाहुणे भारी सायकली घेऊन येतात. मागच्या आठवड्यात सायकलने कामावर जाताना चढावर एक म्हातारा पाहुणा त्याच्या सायकलवर वाऱ्यापुढे जागीच डुलताना दिसला. मी सवयीने त्याच्या पाठीला हात लावला. तो किंचाळून उतरला आणि हॉटेलात जाऊन म्हणाला, "हा माणूस मला पाडत होता."

नोकरी जाईल या धास्तीने मी माफी मागितली. मालकीणबाईंनी काढलं नाही, हे त्यांचे उपकारच. "पाहुणे रस्त्यावर असले की तू सायकलवरून उतरत जा," एवढंच म्हणाल्या.

काल तोच म्हातारा त्याच चढावर अडकला होता. मी उतरलो आणि दोन्ही हातांनी माझ्या सायकलचं हँडल घट्ट धरून कडेला उभा राहिलो.