पौडच्या सरकारी बाई

"हिच्यापुढं रडायची सोय न्हाई बग," पौडच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलेली एक बाई दुसरीला सांगत होती. "लगीच गप करती."

'ही' म्हणजे सरकारी वकील. सगळे त्यांना सरकारी बाई म्हणत. मी दारातून आत पाहिलं. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेली एक मुलगी हुंदके देत होती आणि बाई म्हणत होत्या, "रड तू, मी थांबते. पण रडणं कागदावर येत नाही, बोललेलं येतं." आणि खरंच थांबल्या. तिच्याकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत.

मीही साक्षीदारच होते. भूगावला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या उज्ज्वलाताईंना त्यांचा नवरा मारायचा. मधे एकच भिंत. माहेरचे सोडले तर बाहेरची साक्षीदार मी एकटी, आणि नवरा म्हणत होता, घरातली किरकोळ कुरबुर होती. पोलिसांना मी 'भांडणाचे आवाज ऐकले' एवढंच सांगितलं होतं. बाईंनी तो जबाब वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आवाज म्हणजे? भांड्यांचे की माणसांचे?"

"एक वाक्य ऐकलं होतं. पण मला मराठीत नीट सांगता येत नाही. मी इंग्लिश मीडियमची."

"ऐकलंस ते मराठीतच ना? मग तुझ्या मीडियमचा काय संबंध?"

मला हसू आलं. पण ते वाक्य तोंडावर आणायची लाज वाटली. त्यांनी वाट पाहिली, मग फाइल मिटली. "काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. ते वाक्य जबाबात का नाही म्हणून विचारतील, तेव्हा लाज वाटली म्हणून सांग. लाज वाटणं काही गुन्हा नाही. आणि घाबरू नकोस, मी आहे की समोर."

तारीख संपली की बाई उज्ज्वलाताईंना स्वतः एसटी स्टँडवर नेत. सासरची जीप बाहेर उभीच असे. "चल की वैनी, जागा हाय," दीर गोड आवाजात म्हणे. "केस कोर्टात फुटत नाही," बाई मला म्हणायच्या, "परतीच्या जीपमध्ये फुटते." मग काळा कोट हातावर टाकून, शेंगदाणे खात, ताईंच्या माहेरची, चांद्याची एसटी हलेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहत.

एकदा सासूनं स्टँडवरच त्यांचे पाय धरले. "वकीलबाई, माज्या लेकराचं वाटुळं करू नगा!"

"आजी, उठा आधी," बाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "सून अशी पडायची, तेव्हा कुणी उठवलं होतं का तिला?" बाईंनी शेंगदाण्यांची पुडी तिच्यापुढंही धरली.

माझी साक्ष पुढंपुढं जात राहिली आणि मधेच बाईंची बदली झाली. मला ते कोर्टातल्या शिपायानं सांगितलं. त्यांचा नंबर होता माझ्याकडे. मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. आजही रस्त्यात हातावर काळा कोट टाकलेली कुणी दिसली की मी चेहरा दिसेपर्यंत भरभर चालते.

माझ्या नावाचा पुकारा झाला त्या दिवशी नवे वकील होते. सज्जन, पण घाईत. "तुम्ही भांडणाचे आवाज ऐकलेत. बरोबर?"

'हो' म्हटलं असतं तर सुटले असते. समोर नवरा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात निवांत बसला होता. मागच्या बाकावर उज्ज्वलाताई खाली मान घालून बसल्या होत्या. हे ऐकायला बाई इथं हव्या होत्या, इतकंच मनात आलं.

"नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले.

"नुसते आवाज नाहीत. सकाळची वेळ होती. उज्ज्वलाताई नवऱ्याला म्हणत होत्या, 'आवं, पोरगी शाळंत जाऊंद्या आदी. मंग मारा.'"