सातशे अठरा ब्रेक

आमच्या खालच्या मजल्यावर बाई राहतात. गाडी चालवायला शिकवतात. एकोणतीस वर्षं झाली या धंद्याला, त्यामुळे आजूबाजूच्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांची बोलणी खाल्लेली आहेत. मीही खाल्ली. शेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला गेले, तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चालवायला कुणीही शिकतं. आधी थांबायला शिका." तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई. त्यांना ते माहीत आहे.

या एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडा आलेला नाही. विद्यार्थ्यांनी आणले ते वेगळे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवी गाडी घेतली. शेजारच्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक बसवून घेतला. गाडीत मधोमध एक मोठा पडदा होता. तो सुरू करून देताना शोरूमचा माणूस पटापट बोटं मारत होता. "हे काय करतोयस?" बाईंनी विचारलं होतं. "काही नाही बाई, फॉर्मॅलिटी. सगळे हो म्हणतात," तो म्हणाला. बाईंच्या वतीने तोच सगळीकडे हो म्हणाला.

गेल्या वर्षी विम्याची मुदत संपत आली तेव्हा नवा आकडा आला. तो आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट होता. त्या वर्षी दर सगळ्यांचेच वाढले होते, माझाही वाढला होता, पण असा नाही. बाईंनी विम्याच्या एजंटाला घरी बोलावलं. हा एजंटही त्यांचाच विद्यार्थी, लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. त्यामुळे अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो.

"बाई, तुमचे गुण फार कमी आलेत," तो चाचरत म्हणाला.

"कसले गुण? मी कुठली परीक्षा दिली?"

मग त्याने समजावून सांगितलं. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, कधी सुरू झाली, किती जोरात थांबली, हे सगळं गाडीच टिपते आणि बनवणाऱ्या कंपनीला कळवते. ती कंपनी ही माहिती दुसऱ्या एका कंपनीला विकते. ती दुसरी कंपनी चालवणाऱ्याला गुण देते आणि विमावाले ते गुण विकत घेतात.

"म्हणजे घरचा भेदीच की हा," बाई म्हणाल्या. "आणि माझे गुण का कमी?"

एजंटाने कागदात डोकं घातलं. "अचानक आणि जोरात ब्रेक मारणे. वर्षात सातशे अठरा वेळा. कंपनीच्या हिशेबाने तुम्ही… म्हणजे मी नाही म्हणत बाई, कंपनी म्हणते… बेदरकार चालक आहात."

बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडलं. संध्याकाळी मात्र जिना चढून माझ्याकडे आल्या. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता निवृत्त आहे. त्या म्हणाल्या, "तुमची चुका शोधण्यात हयात गेली. मला मदत करा. मला बेदरकार म्हणतायत."

आम्ही अर्ज लिहून बाईंची सगळी नोंद मागवली. पाच आठवड्यांनी एक जाडजूड पाकीट आलं. एकशे सदतीस पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. गाडी सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, जागा, वेग, ब्रेक. शिकवणीच्या खोलीतल्या टेबलावर आम्ही ती पसरली. त्या खोलीत भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आहे, कोपऱ्यात विद्यार्थ्यांना आतून दाखवायला कापून ठेवलेला एक जुना क्लच आहे आणि कपाटात बाईंच्या डायऱ्या आहेत. प्रत्येक विद्यार्थी, त्याचा प्रत्येक दिवस, काय शिकवलं, काय जमलं नाही, सगळं त्यात असतं. म्हणजे नोंदी बाईंनीही ठेवल्या होत्या. फक्त त्या कुणाला विकल्या नव्हत्या.

मी पेन्सिल घेऊन बसले. बाई डायरी वाचायच्या, मी पानावर खूण करायचे. थोड्याच वेळात सगळा उलगडा झाला. बाईंच्या शिकवणीत नववा दिवस अचानक थांबण्याचा असतो. बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात त्या पुठ्ठ्याचा रिकामा खोका उभा करतात. विद्यार्थ्याने वेगात यायचं आणि "थांब" म्हटल्यावर खोक्याला न शिवता गाडी उभी करायची. दहा-बारा वेळा. वर्षभराच्या विद्यार्थ्यांचे मिळून चारशे एकोणनव्वद ब्रेक निघाले. अठरा बाईंचे स्वतःचे होते, कुणी मधे आलं म्हणून मारलेले. त्यातला एक तर रस्त्यावर घरंगळत आलेल्या टायरसाठी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणाले. "जो थांबायला शिकवतो त्यालाच दंड."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या एकाच पानाकडे बघत होत्या. दर गुरुवारी दुपारी गाडी एका जागी पंचवीस-तीस मिनिटं उभी असल्याची नोंद होती. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. ती जागा कुठली, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलीलाही ते माहीत नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "याबद्दल लिहायचं झालं तर लिहा, पण जागा लिहू नका." म्हणून लिहीत नाही.

ते पान त्यांनी पालथं घातलं. "पैसे एक वेळ भरीन हो," त्या म्हणाल्या. "पण तिथे मी एकटी आहे असं मला वाटायचं."

मी चहा टाकला.

उरले दोनशे अकरा ब्रेक. पाच आठवडे, सकाळी सातच्या सुमारास, त्याच आवारात. डायरीत त्या दिवसांपुढे नाव नव्हतं, नुसती फुली होती. मी बाईंकडे पाहिलं. "हे राहू द्या," त्या म्हणाल्या. मी विचारलं नाही. पुढची हकिगत मला नंतर त्या माणसाने स्वतः सांगितली आणि इथे लिहितेय ती त्याच्या परवानगीने.

तो बसचा ड्रायव्हर. बावीस वर्षं बस चालवलेला. एकदा दोन उभ्या गाड्यांमधून एक म्हातारे गृहस्थ अचानक रस्त्यावर आले. त्याने ब्रेक दाबला, पण बस वेळेत थांबली नाही. चौकशी झाली, त्याचा दोष नव्हता, तसं लेखी मिळालं. पण तो पुन्हा बसच्या सीटवर बसू शकेना. बसला की उजवा पाय लटपटायचा. मग डेपोने त्याला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. घरी त्याने सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून काम बदलून घेतलं. आणि एके दिवशी तो गुपचूप बाईंकडे आला. म्हणाला, "मला पहिल्यापासून शिकवा. मला काहीच येत नाही असं धरून."

बाईंनी त्याला रोज सहा-सात वेळा त्या खोक्यासमोर थांबायला लावलं. पहिल्या आठवड्यात तो घामाने भिजून उतरायचा. पाचव्या आठवड्यात पाय स्थिर झाला.

विमा कंपनीत तक्रार द्यायची तर विद्यार्थ्यांची नावं आणि सह्या लागणार होत्या. बाईंनी प्रत्येकाला स्वतः विचारलं. घरोघरी गेल्या, फोन केले. सगळे तयार झाले, काही तर वर आणखी दोन ओळी लिहून द्यायला निघाले. या ड्रायव्हरला त्यांनी शेवटी त्याच आवारात गाठलं. म्हणजे डेपोत नाही आणि घरीही नाही.

"बाई, पुढच्या महिन्यात डेपोत माझी चाचणी आहे," तो म्हणाला. "नाव कागदावर आलं आणि तिथे कळलं, तर म्हणतील याला अजून भीती वाटते. आणि घरी तर… नको बाई. माफ करा."

"माफी कसली? नको म्हणालास, झालं," बाई म्हणाल्या आणि गाडीत बसून निघून आल्या.

विमा कंपनीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. नंबराची चिठ्ठी घेऊन आम्ही दीड तास बसलो. अधिकारी बाई तरुण होत्या, वागायला चांगल्या होत्या. त्यांनी कागद नीट पाहिले. बाईंनी त्यांना क्लच, खोका, नववा दिवस सगळं समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं सांगू? आम्हाला वरून फक्त आकडा येतो. का, ते येत नाही." मग पेन उचलून विचारलं, "हे चारशे एकोणनव्वद समजले. पण हे दोनशे अकरा कुणाचे?"

"एका विद्यार्थ्याचे."

"नाव?"

"ते मी सांगणार नाही."

"मॅडम, नाव नसेल तर ते तुमच्याच खात्यात राहतील. नुकसान तुमचं आहे."

"राहू देत," बाई म्हणाल्या. "त्याला विचारलं, तो नको म्हणाला. मला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यासाठीच मी इथे भांडायला आले आणि तेच मी दुसऱ्याशी करू?"

अधिकारी बाईंनी कागद पुढे ओढला. मग लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

महिन्याभराने पत्र आलं. निम्मं म्हणणं मान्य झालं होतं. आकडा उतरला, पण आदल्या वर्षीपेक्षा बराच वरच राहिला. बाईंनी तो भरला. 'बेदरकार' हा शब्द मात्र कागदावरून काढायला लावला, त्यासाठी आणखी दोन पत्रं लिहावी लागली. ती मी लिहिली आणि मला त्याचा अभिमान आहे. मग त्या शोरूममध्ये गेल्या आणि माहिती पाठवणं बंद करून घेतलं. तिथल्या त्याच माणसाला ते बटण सापडायला पाऊण तास लागला. "हो म्हणायला किती वेळ लागला होता रे तुला?" बाईंनी त्याला विचारलं. तो बिचारा लाजला.

दर गुरुवारी बाई काही आठवडे बसने गेल्या. मग पुन्हा गाडीने जायला लागल्या.

यंदा थंडीत एका रविवारी सकाळी शिकवणीच्या दाराशी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. एजंटही तेव्हा यंदाचा अर्ज घेऊन आलेला होता आणि मी जिन्यावर उभी होते. त्या माणसाने बाईंना सांगितलं की चाचणी तेव्हाच पास झाली आणि आता दोन महिने सकाळची बस त्याच्याकडे आहे. मग एजंटाकडे वळून, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या वर्षीचे दोनशे अकरा ब्रेक माझे होते. घरी सांगितलंय, डेपोतही सांगितलंय. आता लिहून घेता येतील का?"

एजंट गडबडला. "मागचं वर्ष बंद झालं हो. आता काही होणार नाही."

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि बाईंपुढे मान खाली घालून उभा राहिला. "बाई, मी तेव्हाच…"

"तेव्हा तुझी चाचणी होती," बाई म्हणाल्या. "पोरगी किती वर्षांची?"

"एकोणीस."

"बस गं पुढे. आरसा आधी तुझ्या उंचीला लावून घे."

त्याने मागे बसू का म्हणून विचारलं. बाईंनी साफ नाही म्हटलं. आईबाप मागे बसले की पोरं आरशात रस्त्याऐवजी त्यांचीच तोंडं बघत बसतात, म्हणाल्या. मग गाडी दोन हिसके देऊन निघाली आणि तो एजंटाशेजारी फाटकापाशी उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहिला.