बोरीसह वीस किलो दोनशे

तांडापेठेतल्या जनाबाई हेडाऊंना मिरचीचा ठसका लागत नाही. सासरचे माग विकले गेले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, त्या कळमन्याच्या मिरची यार्डात देठ खुडायला बसतात. तिथे त्यांचा दरारा आहे. खुडलेल्या मिरचीचं पोतं काट्यावर चढायच्या आधी त्या हमालाला अडवणार. "आधी रिकामी बोरी ठेव गा. मिरचीचं वजन घे, बोरीचं नको." बोरी ओली लागली तर वाळलेली आणायला लावणार. हमाल चिडवतात, "जनाबाई, वर गेल्यावर चित्रगुप्तालेही बोरीचं वजन कापायले लावशीन तू."

"लावीन. काहून नाही लावू?"

अशा बाईने एका वजनापुढे साडेचार वर्षं मान खाली घातली होती.

त्यांचा मुलगा भूपेश टेम्पो चालवायचा. ओळखीतल्या एकाने सांगितलं म्हणून त्याने गांजाची एक बोरी गाडीत घेतली आणि पकडला गेला. आत काय आहे ते त्याला माहीत होतं. तुरुंगातल्या पहिल्याच मुलाकातीत त्याने आईला तसं सांगितलं, आणि जनाबाईंनीही ते कधी कुणापासून लपवलं नाही. कायद्याचं असं आहे की गांजा वीस किलोच्या वर गेला, की दहा वर्षांच्या खाली सजा देताच येत नाही. त्याच्या आत असला तर न्यायाधीश कमीही देऊ शकतात. भूपेशच्या कागदावर वीस किलो दोनशे ग्रॅम होते. दहा वर्षांची सजा लागली.

त्याच्याच बराकीतल्या अंकुशचा माल एकोणीस किलो सातशे भरला होता. तो तीन वर्षं भोगून घरी गेला, त्याचं लग्नही झालं. मुलाकातीच्या जाळीतून भूपेश म्हणाला, "आई, चूक केली तर भोगतो ना मी. पण अर्ध्या किलोत सात वर्षं?"

खटल्याच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधून कोराडीच्या देवीच्या फोटोमागे ठेवला होता. रोज पूजेत त्यालाही हळदकुंकू लागायचं. सून काजल एकदा फडकं सोडायला गेली, तर त्यांनी हात धरला. "देवीच्या हाती दिलेलं सोडायचं नसते वं." त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण ज्या घरात कागद उघडायचाच नाही असं ठरलंय, तिथे देवी तरी काय करणार?

मग अपिलासाठी सरकारी मदतीतून दीक्षा नावाची तरुण वकील मिळाली. ती घरी आली आणि चहाच्या आधी तिने गठ्ठा मागितला.

"कोर्टातून नक्कल भेटन ना?"

"भेटन मावशी, पण महिना जाईन."

"पहिल्या वकिलानं पाहिलंच असन सारं."

"पाहिलं असन. पण त्यांचा सगळा जोर बोरी भूपेशची नाहीच यावर होता."

जनाबाईंनी देवीपुढे हात जोडले, क्षमा मागितली आणि गठ्ठा काढला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दीक्षा मोठ्याने वाचू लागली. पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर आली. "सदर मालाचे तागाच्या बोरीसह वजन केले असता वीस किलो दोनशे ग्रॅम भरले."

"थांब. पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"बोरीसह?"

"हो."

"मग रिकामी बोरी कुठं मोजली?"

दीक्षाने पानं पुढे उलटली, मागे उलटली. "कुठंच नाही, मावशी."

"तागाची बोरी सहाशे-सातशे ग्रॅमच्या खाली येत नाही. आमच्या यार्डात असं वजन कोणी घेतलं तर मी माल खाली उतरवते." जनाबाई भिंतीला टेकल्या. "मग माह्या पोराले बोरीची सजा लागली का वं?"

आतून काजल म्हणाली, "चार वर्षं झाले, मी गठ्ठा सोडा म्हणून राहिली."

जनाबाईंनी फडक्यासकट सगळा गठ्ठा दीक्षाच्या हवाली केला.

अपिलात दीक्षाने एवढंच विचारलं, नुसत्या मालाचं वजन किती? सरकारी वकिलांना ते सांगता आलं नाही, कारण ते कुणी केलंच नव्हतं. न्यायाधीशांनी शंकेचा फायदा दिला. माल वीस किलोच्या वर होता हे सिद्ध नाही, गुन्हा कायम, पण सजा भोगली तेवढीच पुरे. सगळं इंग्रजीत होतं, जनाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. बाहेर आल्यावर दीक्षाने समजावलं, "गुन्हा राहिला मावशी. सजा संपली."

"राहू दे. केलाच होता." मग त्या तिथल्याच बाकावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय लांब केले. सकाळपासून निर्जळ उपास होता. काजलने बाटली दिली, ती त्यांनी एका दमात संपवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भूपेश कारागृहाच्या फाटकातून बाहेर आला. हातात एक पिशवी होती. जनाबाईंनी त्याच्या दंडावरून हात फिरवला.

"रोड झाला गा."

"तू कुठं जाडी झाली?"

काजलने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

सिटी बसमध्ये तिघांना एकाच बाकावर जागा मिळाली. सीताबर्डी यायच्या आत जनाबाईंचा डोळा लागला आणि मान भूपेशच्या खांद्यावर कलंडली. त्यांच्या केसांना मिरचीचा वास होता, त्याला दोनदा शिंक आली, तरी त्या हलल्या नाहीत. मुलगा आत गेल्यापासून त्यांना दिवसा कधी झोप लागली नव्हती.

घराजवळचा स्टॉप आला. काजल उठू लागली. "उठवा त्यांना."

"बस तू," भूपेश हळूच म्हणाला. "पुढच्या स्टॉपवर उतरू. तेवढं चालून येऊ."