खंडेनवमीच्या काचा

काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यायच्या आमच्याकडे दोन रीती होत्या, अन् एकेका रीतीचा एकेक वेडा. नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत मी फवारा मारायची. तापलेल्या काचेवर जस्ताच्या क्षाराचं पाणी फवारलं की गुळगुळीत, आरपार दिसणारा थर बसायचा, नखानंही निघायचा नाही. दादा बुडवायचे. काच आधी जस्ताच्या द्रावणात, मग कढत पाण्यात, पुन्हा द्रावणात, दिवसभर तेच. त्यांचा थर पांढरट, खरबरीत. बोट लागलं की भुकटी हाताला. मी चिडवायची, "दादा, भिंतीला चुना मारून राहिले काय?" ते म्हणायचे, "तुझी काच लई देखणी हाय ताई, पण मख्ख. माझीला वास कळतो."

खरंच कळायचा. खरबरीत थरात फटी फार. तिथं वायू शिरला की काचेतून वाहणारी वीज कमीजास्त होते अन् मीटर सांगतं. गॅसची गळती ओळखायला दादांचीच काच कामाची.

दादा म्हणजे सख्खे नव्हेत, माझे सीनियर. त्यांचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात घर गेलं, वडील भिंतीखाली गेले. मायलेक पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. लातुरात तेव्हा क्लासेसचं नुसतं पेव फुटलेलं. दादा सकाळी तिथं फिजिक्स शिकवायचे अन् अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला यायचे. क्लासवाला मागं लागला होता, पूर्णवेळ या म्हणून. दादांना पीएच.डी. करून कॉलेजात शिकवायचं होतं. पण फेलोशिप दिवाळीपर्यंतच. तोवर गॅसची मोजणी झाली तर झाली, नाही तर संपलं सगळं.

काचा तयार झाल्या अन् नेमकी खंडेनवमी आली. त्यांचे वडील त्या दिवशी औत, विळे, खुरपी धुऊन मांडायचे, हळदकुंकू लावायचे, ऊद घालायचे. भूकंपानंतर घरी ही पूजा झालीच नव्हती. अवजारंच कुठं राहिली होती! मी दुपारी पोचले तर दादांनी भट्टी, मीटर, चिमटे पुसून वर झेंडू वाहिलेला. समोर ताटात त्यांच्या सगळ्या काचा. कापूर जळतोय, उदाच्या धुरानं खोली कोंदलेली, अन् दादा हात जोडून, डोळे मिटून उभे.

"अहो दादा, काचा!" मी ओरडले.

त्यांनी डोळे उघडले, ताटाकडं पाहिलं, अन् मटकन स्टुलावर बसले. माझ्या काचा असत्या तर फडक्यानं पुसून चालल्या असत्या. त्यांच्या थराच्या फटीफटीत काजळी जाऊन बसली. मीटर वाटेल ते दाखवू लागलं. भट्टीत तापवून पाहिल्या, तर थरच सोलून निघाला. आमचे गाइड सर आले, काचा पाहिल्या. पाठीवर हात ठेवला अन् गेले. मला मात्र असा संताप आला! पण काढायचा कुणावर? देवावर, की बापाची आठवण आलेल्या माणसावर?

"पुन्हा करू, दादा."

"हाव," ते म्हणाले. पण तेवढ्या काचा करायला दोन महिने लागले होते, अन् दिवाळी तीन आठवड्यांवर. दिवाळीनंतर ते लातूरला, क्लासवाल्याकडं गेले ते गेलेच. बुडवायचं काम मग मीही हातात घेतलं नाही. मनच झालं नाही.

काही वर्षांनी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. दादा कडक इस्त्रीच्या शर्टात, पेढे घेऊन आले अन् मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "दोन्ही रीतींची तुलना म्हणता, मग बुडवलेल्या काचांची गॅसची मोजणी कुठंय?"

"नमुने खराब झाले, सर."

"कसे काय?"

मी मागच्या रांगेकडं पाहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी पूजा केली त्यांची, सर."

अख्खा हॉल हसला. परीक्षकही हसले. सगळ्यांत मोठ्यांदा दादा हसले. मी फळ्याकडं तोंड केलं अन् रडले.