बिलभाऊ आज खेळले असते तर

माझ्या मावससासूबाई एका जागी सलग दहा मिनिटं बसल्या आहेत, हे दृश्य त्यांच्या लग्नापासून आजतागायत कुणीही पाहिलेलं नाही. आणि लग्नातही भटजींनी त्यांना दोनदा "मुली, खाली बस" म्हणून दटावलं होतं, असं माझ्या सासूबाई शपथेवर सांगतात. आता त्यांचं वय बाहत्तर आहे. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं पी.टी.च्या बाई होत्या, आणि निवृत्तीची बातमी त्यांच्या पायांपर्यंत अजून पोचलेली नाही. चहा त्या उभ्यानं पितात. मेथी घरभर फिरत निवडतात, त्यामुळे जुडी स्वयंपाकघरात सुरू होते आणि शेवटचं देठ मला बाथरूमच्या पायपुसण्यावर सापडतं. एवढ्या लांबच्या विमानप्रवासात कसं बसता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बसते कशाला? मागं त्या पोरींच्यात उभी असते. त्यांना कप गोळा करू लागते." इथे अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटात, त्या आमच्या कॉलनीला सकाळी इतक्या फेऱ्या मारतात की एका नव्या शेजाऱ्यानं त्यांना लॉन वाढलं की दंड लावणाऱ्या असोसिएशनची तपासनीस समजून त्याच दुपारी घाईघाईनं लॉन कापून घेतलं.

अशा बाईंच्या डोक्यात फूटी शिरली यात आश्चर्य नाही. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही सोललेल्या नारळासारखा लंबगोल, एकेका बाजूला अठरा माणसं, आणि नियम असे की पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणीतरी पोलिसांना फोन करावा असं वाटतं. मावशी त्यांच्या मुलीबरोबर अकरा वर्षं मेलबर्नला होत्या. तिथं कुंपणापलीकडे बिल नावाचे एक म्हातारे राहत. आयुष्यभर प्लंबरचं काम केलेले, तरुणपणी तिथल्याच उपनगराच्या क्लबातून खेळलेले, आणि अजून क्लबाच्या भिंतीवर फोटोत हवेत लटकलेले. मावशींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'बिलभाऊ' करून टाकलं. कुंपणावरून कढीपत्ता पलीकडे जायचा आणि लिंबं व फूटी अलीकडे यायची. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या कंपनीनं तिला अटलांटाला पाठवलं, तशा मावशीही आल्या. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहायला आल्या त्या दोन बॅगा, एक शिट्टी आणि एक प्रश्न घेऊन.

प्रश्न असा, की जुन्या काळचे नामांकित खेळाडू आजच्या फूटीत टिकले असते का? हा प्रश्न त्या कुणालाही विचारतात. दात साफ करून घेताना तोंडात नळी असताना त्यांनी तो डेंटिस्टला विचारला आहे. मंडळाच्या गणपतीत पॉटलकच्या रांगेत त्यांनी तो पुण्याच्या एका तरुण आयटीवाल्याला विचारला. बिचाऱ्यानं फूटी कधी पाहिलेली नव्हती, पण मत नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नाही टिकणार हो काकू. आजकाल फिटनेस लेव्हलच वेगळी आहे यार," तो म्हणाला. "असं?" मावशी म्हणाल्या, "मग ती मसालेभाताची प्लेट घेऊन पार्किंगपर्यंत पळून दाखव. आणि उद्या सकाळी सहाला कुणाचा तरी तुंबलेला नळ काढायचाय हे ध्यानात ठेवून पळ." तो खरंच पळाला! लोकांनी टाळ्या वाजवल्या, भात सांडला, आणि पुढच्या वर्षी तो मावशींना पाहून आरतीतच मागच्या दाराकडे सरकला.

फूटीत चेंडू हातानं फेकायचा नसतो, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा असतो. हे मला नीट कळलं नव्हतं म्हणून मावशींनी देशी किराणा दुकानात पपयांच्या ढिगापाशी ते करून दाखवलं. पपई डाळींच्या रांगेवरून उडत माझ्याकडे आली. मी ती झेलली, हे मी आयुष्यात केलेल्या मोजक्या मर्दुमकीच्या कामांपैकी एक. "मार्क!" मावशी ओरडल्या. लाथेनं उडालेला चेंडू वरच्यावर झेलला की त्याला मार्क म्हणतात, आणि मग खेळ थांबून झेलणाऱ्याला निवांत नेम धरता येतो. माझी बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "आजी, दॅट वॉज अ हँडबॉल, नॉट अ किक. सो नो मार्क." मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या घराण्याच्या गवयानं आपल्या तयार झालेल्या शिष्येकडे पाहावं.

मला गंमत वाटायची ती वेगळीच. बिलभाऊंच्या काळात ज्याची जी जागा, तिथं तो दिवसभर उभा. पुढचा पुढे, मागचा मागे, चेंडू येईल तेव्हा येईल. आजच्या खेळात सगळे सगळीकडे धावतात आणि दर थोड्या वेळानं बदली होऊन बाकावर येऊन धापा टाकतात. आणि स्वतः भिंगरीसारखी फिरणारी ही बाई उभ्या राहणाऱ्यांच्या बाजूनं भांडायची! शनिवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे मेलबर्नच्या शनिवारी संध्याकाळी, मॅच लागायची. आपल्या मुलीची झोप मोडते म्हणून मावशी आमच्याकडे यायच्या आणि आमची मोडायच्या. मॅच संपली की बिलभाऊंना फोन. "तो तुमचा क्लबातला जोडीदार असता तर आज सहा गोल मारले असते," असं मावशी म्हणायच्या आणि पलीकडून बिलभाऊ त्याच्यात आणखी दोनची भर घालायचे.

मागच्या मार्चपासून मात्र पलीकडची भर थांबली. एका शनिवारी मावशींनी फोन ठेवला आणि आमच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या सुरू केल्या. नेहमीच्या येरझाऱ्यांना काहीतरी काम असायचं, ह्यांना नव्हतं.

"काय झालं मावशी?"

"म्हणतात, आम्ही आज काही कामाचे नाही. ही पोरं आमच्या बाजूनं निघून जातील आणि आम्हाला कळायचंही नाही."

"बरोबरच असेल की ते."

"बरोबर असू दे! ते मैदानावर फिरायला जायचे बंद झालेत. त्यांची लेक सांगत होती, दिवसभर ड्रेसिंग गाऊनमध्ये असतात." मावशी थबकल्या आणि पुन्हा चालू लागल्या. "अगं, माणूस एकदा म्हणाला ना की मी आजच्या कामाचा नाही, की पुढं त्याचं जेवण कमी होतं. मी आमच्या घरी बघितलंय."

त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या वर्षाबद्दल त्या ह्याहून जास्त माझ्याशी कधी बोललेल्या नाहीत.

त्यांनी काय केलं, तर माझ्या मुलीकडून कंप्युटरवर शोधून घेतलं आणि आमच्याकडून वीस मिनिटांवरच्या एका पार्कात बुधवारी संध्याकाळी हौशी लोकांची फूटीची टीम सराव करते हे हुडकून काढलं. गाडी अर्थात मी चालवायची. कोच चाळिशीचा ऑस्ट्रेलियन होता, बाकी बहुतेक इथलेच अमेरिकन तरुण. नऊवारी नव्हे, पण साडीवर पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी अशी बाई सरळ मैदानाच्या मध्यावर चालत आलेली पाहून सराव आपोआप थांबला. मावशींनी प्रश्न विचारला. कोच भला माणूस होता. तो म्हणाला, जुने लोक वाघ होते, पण आजच्या वेगात दहा मिनिटांत त्यांना फेस येईल.

"तुमची पोरं दिवसभर पाइप बसवून येतात?" मावशींनी त्यांच्या इंग्रजीत विचारलं. त्यांचं इंग्रजी शिट्टीसारखं आहे, शब्द कमी पण समजत नाही असं होत नाही. "हाफ अवर. हाफ टीम ओल्ड स्टाइल, हाफ टीम न्यू स्टाइल. ओल्ड स्टाइलचा कोच माझा. ऑन फोन."

पुढच्या बुधवारी तो अर्धा तास झाला. तिकडे गुरुवारची सकाळ होती. माझ्या हातात फोन, फोनमध्ये ड्रेसिंग गाऊनमधले बिलभाऊ, त्यांच्या हातात टोस्ट. कोचनं अर्धी टीम मावशींना दिली: कुणी जागा सोडायची नाही, बदली नाही, चेंडू मिळाला की लांब लाथ. पहिली दहा मिनिटं जुन्या खेळाची धूळधाण झाली. नव्या बाजूची मुलं ह्यांच्यामधून पाणी वाहावं तशी वाहत होती. बिलभाऊंनी टोस्ट बाजूला ठेवून दिला. मावशी कडेनं पळत, शिट्टी वाजवत, "अरे उभा राहा की तिथंच, मेल्या!" असं शुद्ध मराठीत ओरडत होत्या. मी फोन खाली करणार, इतक्यात बिलभाऊंचा आवाज आला, "तो उंच पोरगा. गोलच्या समोरचा. त्याला सांग, पळू नकोस. माणसाकडे बघू नकोस. चेंडूकडे बघ आणि गुडघा वर घे."

मी मावशींना सांगितलं, मावशींनी त्या उंच मुलाला सांगितलं, अर्धं बोलून आणि अर्धं स्वतःचा गुडघा वर घेऊन. दोन वेळा तो आपटला. तिसऱ्या वेळी लांबून चेंडू आला, त्यानं गुडघा घेतला, दोन माणसांच्या डोक्यांवरून वर गेला आणि चेंडू छातीशी घेऊन खाली आला. मैदानावर कोण ओरडलं ते मला ठाऊक नाही, कारण माझ्या कानापाशी फोनच इतक्या जोरात ओरडला. पडद्यावर आता बिलभाऊंच्या घराचं छत दिसत होतं. ते उभे राहिले होते.

जुनी बाजू तरीही चार गोलांनी हरली. चांगली सपशेल हरली. कोचनं येऊन अदबीनं मावशींचा हात हातात घेतला. मावशींचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना पकडल्या गेलेल्या मुलीसारखा झाला होता. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" फोनमधून बिलभाऊ म्हणाले, आणि ते हसत होते. "निघून गेली की नाही बाजूनं! पण लव्ह," मावशींना ते असंच म्हणत, "त्या उंच पोराला सांग, पुढच्या वेळी दहा मिनिटं लवकर ये. त्याचा उजवा पाय चुकीचा पडतोय."

प्रश्नाचा निकाल असा मावशींच्या विरुद्ध लागला आणि त्यांनी तो मान्य केला, असं मात्र कुणी समजू नये. परतताना गाडीत त्यांनी मला ऐकवलंच, "त्या काळच्या माणसाला आजचे बूट, आजचं खाणं, आजचा डॉक्टर द्या, मग बोला." पण त्यानंतर दर बुधवारी आम्ही दहा मिनिटं लवकर जाऊ लागलो. तो उंच मुलगा एका गोदामात काम करायचा. गणवेशातच यायचा, आणि फोनसमोर उभा राहून आपला उजवा पाय दाखवायचा. मग इतरही येऊ लागले. बिलभाऊंच्या मुलीनं कळवलं की बाबा गुरुवारी सहालाच दाढी करून बसतात आणि शुक्रवारी मैदानावर चालून येतात. मावशींनी ते मला मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं आणि लगेच "कुकर लावलास का?" असं विचारून स्वयंपाकघरात गेल्या.

उन्हाळा असा गेला. सप्टेंबरात बिलभाऊ पडले. हाड वाचलं, पण घर सुटलं. लेकीनं त्यांना वृद्धांच्या निवासात ठेवलं. नजर आधीच अधू होत चालली होती. आता पडद्यावर हिरवं काहीतरी हलतं एवढंच दिसतं, असं ते म्हणायचे, म्हणून मावशी मैदानाच्या कडेनं पळत पळत सगळं सांगायच्या. कधी मधेच ते विचारायचे, "आपण कुठल्या मैदानावर आहोत?" मावशी सांगायच्या. थोड्या वेळानं पुन्हा सांगायच्या.

ऑक्टोबरात एका बुधवारी विजा चमकत होत्या. चार वाजता कोचचा मेसेज आला, सराव रद्द. मी मावशींना फोन केला.

"मावशी, आजचं कॅन्सल केलंय."

"सराव ना? ग्राउंड कुठं कॅन्सल झालंय? ये लवकर."

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि पार्कात चिटपाखरू नव्हतं. मावशींनी फोन लावला, कानाशी धरला आणि त्या चिखलातून चालू लागल्या. मग पळू लागल्या. "हो, आलेत सगळे," त्या सांगत होत्या, "तो उंच पुढं उभा आहे. नाही, हलत नाही. आता मधला घेतोय, लांब मारली... गेला वर, गेला... मार्क!" मोकळ्या मैदानावर त्यांची शिट्टी वाजली. साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजला होता. वीस मिनिटं त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत राहिल्या, आणि मी गाडीपाशी छत्री घेऊन उभी राहिले. त्यांच्याकडे छत्री घेऊन जायचं मला धाडस झालं नाही.

त्या आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी टॉवेल दिला. आयुष्यभर मुलींना खोटं बोलल्याबद्दल मैदानाला चकरा मारायला लावलेल्या बाई.

"मावशी, सरळ सांगायचं की आज सराव नाही म्हणून."

त्यांनी पाय पुसले, बुटांतलं पाणी काढलं, ते पुन्हा घातले.

"लेक म्हणाली, पहाटे पाचपासून बूट घालून बसलेत," त्या म्हणाल्या. "नर्सनं काढू म्हटलं तर काढू देईनात. बूट घालून बसलेल्या माणसाला आज नाही असं कसं सांगायचं गं?"