वीस टक्क्यांचा कागद

उमरग्याच्या बैलबाजारात धोंडप्पांचा शब्द चाळीस वर्षं चालत आला होता. उपरण्याखाली हात घालून घेणाऱ्याची बोटं दाबायची, देणाऱ्याची दाबायची आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावायचं, ही त्यांची दलाली. त्यांचा नियम एकच. जेवढ्याला द्यायचं मनात आहे, तो आकडा पहिल्यांदा बोटावर आणायचा नाही. हा नियम ते कुणाला फुकट सांगत नसत.

अशा माणसाला सोडून दिल्लीचं बोलावणं आलं मल्लेशला.

मल्लेश म्हणजे शेजारच्या शिवप्पाचा मुलगा, वय बत्तीस, गावच्या शेतकरी कंपनीचा अध्यक्ष. एका परदेशाशी सरकारचा व्यापारी करार व्हायचा होता. त्या देशाला आपला हरभरा इथं कमी करात उतरवायचा होता, आपल्या सरकारला तिकडं कापड खपवायचं होतं. बोलणी करायला बसण्याआधी अधिकारी शेतकऱ्यांचं म्हणणं लेखी घेणार होते. बाहेरच्या हरभऱ्यावर कर किती असावा, एवढंच मल्लेशनं सांगायचं होतं. गावाच्या हरभऱ्याचा भाव त्यावर ठरणार होता, आणि त्यात धोंडप्पांचेही सात एकर आले.

पण धोंडप्पांना हरभरा दिसतच नव्हता, मल्लेशला दिल्लीला नेणारं विमान दिसत होतं. ज्याला बैलाचे दात बघून वय सांगता येत नाही, तो आता दोन देशांच्या सौद्यात बोलणार! पोटात असं दुखायला लागलं की बायकोनं, शिवम्मानं, ओवा आणून दिला. तिला बिचारीला काय ठाऊक, हे ओव्यानं जाणारं दुखणं नव्हतं.

जायच्या आदल्या सकाळी मल्लेश कागद घेऊन आला.

"अप्पा, सौद्यातलं तुम्हाला जास्ती कळतं. जरा नजर टाका. वीस टक्क्याच्या खाली आपला माल टिकत न्हाय, म्हणून वीसच मागितलंय. खरं हाय तेच लिवलंय."

चूक धोंडप्पांना तिथल्या तिथं दिसली. पलीकडचा देश कर खाली ओढणार, आणि आपलं सरकार कापडासाठी थोडं सोडणार. वीस मागितले तर सोडायचं कुठून? पन्नास मागावेत, तेव्हा कुठं बोलणी पंचविसावर थांबतील. अगदी जिभेवर आलं होतं.

"उद्या हैदराबादहून विमान हाय," मल्लेश म्हणाला.

धोंडप्पांनी मिठाची गुळणी धरली. कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, "बराबर हाय. जा."

चार महिन्यांनी करार झाला. कापडाला तिकडं सूट मिळाली आणि हरभऱ्यावर कर ठरला बारा टक्के. परदेशी माल बंदरात यायच्या आधीच इथल्या अडतीत भाव उतरला. देवळापुढं कंपनीची सभा भरली, तेव्हा धुरपदाबाई उठल्या. त्यांचं सगळं रान हरभऱ्याचंच.

"वीस मागितल्यावर बाराच मिळणार की. बाजारात कोथिंबीर घेताना मला बी कळतं ते. तुला कुणी सांगितलं रं वीस लिवायला?"

मल्लेशनं मान खाली घातली. "चुकलं असंल, मावशी. पण म्या अप्पांना दाखवूनच नेलं व्हतं. त्येनी बराबर म्हणले, म्हणून दिलं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सगळी सभा धोंडप्पांकडं वळली. कळूनही गप्प बसलो म्हणावं, तर गाव तोंडात शेण घालणार. कळलंच नाही म्हणावं, तर चाळीस वर्षांची दलाली पाण्यात.

"तसल्या मोठ्या सौद्यातलं मला काय कळतंय," धोंडप्पा म्हणाले.

कुणीतरी म्हणेल, असं कसं अप्पा, तुम्हाला न्हाय कळणार तर कुणाला? या आशेवर ते थांबले.

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या, "बैलाचं निराळं." आणि सभा पुढच्या विषयाकडं गेली.