सहदेव परबांचं गाऱ्हाणं

सहदेव परबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्याच सोफ्यावर बसले होते, आणि सोफा अजून टेम्पोत होता. भांडुपच्या या इमारतीत आम्ही राहायला येत होतो. हमाल दोरी सोडायच्या आत परब टेम्पोत चढले, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "बसा!" सोफा चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी माझं गाव, गोत्र, रक्तदाब आणि सासुरवाडीशी असलेले संबंध काढून घेतले होते. सोफा दारात अडकला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, बीपीच्या माणसाने उचलू नका!"

असा माणूस. पेंट कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, मूळचा सावंतवाडीकडचा. इमारतीतली बातमी त्यांच्या पोटात चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ टिकत नसे. आणि आवाज! परब कानात कुजबुजले तरी मुलुंडला ऐकू जावं.

या आवाजामुळेच इमारतीच्या पूजेचं गाऱ्हाणं त्यांच्याकडे होतं. आमच्यातले निम्मे कोकणातले, म्हणून सत्यनारायण झाला की आरतीनंतर गाऱ्हाणं हवंच. परब हात जोडून, डोळे मिटून देवाला हाक घालायचे, एकेक मागणं मांडायचे आणि आम्ही प्रत्येक मागण्याला गर्जायचो, "व्हय म्हाराजा!" परबांचा देवही इमारतीचा सभासद असल्यासारखा होता. "लिफ्ट मधीच अडकता, ती सुरळीत ठेव रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "पार्किंगवरना भांडणाऱ्यांक सुबुद्धी दी रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! भांडणारे सगळ्यांत मोठ्याने ओरडत.

त्या वर्षी पूजेच्या आठवडाभर आधी परब आणि दुसऱ्या मजल्यावरचा निलेश हॉलमधल्या सतरंज्या झटकत होते. निलेश पस्तिशीचा, लॅबमध्ये नोकरीला, हसतमुख, कुणाचाही मोबाईल दुरुस्त करून देणारा. सतरंजीचं एक टोक हातात धरूनच तो म्हणाला, "काका, सगळं संपवावं असं वाटतं. रोज वाटतं."

परब म्हणाले, "लग्न झालेल्या प्रत्येकाक वाटता रे!"

निलेश हसला नाही. आपल्या विनोदावर कुणी हसत नाही, हा परबांना नवाच अनुभव होता. त्यांनी सतरंजी खाली ठेवली. "श्वेताशी भांडण झाला काय? नोकरी?"

"नाही. कारण असं एक नाहीच. दमलोय. कुणाला सांगू नका. श्वेताला तर नकोच. तुमच्या रवळनाथाची शपथ घ्या."

परबांनी घाबरून शपथ घेतली आणि जणू स्वतःला आत कोंडून बाहेरून कडी लावली. कारण गावचा देव रवळनाथ म्हणजे थट्टा नव्हे. सांगावं तर देव कोपतो, न सांगावं तर पोरगा जातो.

परब मुके झाले. जिन्यात भेटले तर नुसतं हसायचे. त्यांच्या बायकोने, प्रेमाकाकूंनी, पहिल्या दिवशी देवाचे आभार मानले, दुसऱ्या दिवशी त्यांना ईसीजीला नेलं.

"तोंड वाकडा झाला नाय, हात उचलतंत," काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "पण बोलनत नाय. म्हणजे काय तरी मोठाच असतला!"

रोज संध्याकाळी परब काही ना काही निमित्त काढून निलेशच्या घरी जाऊन बसत. कधी पान्हा मागायला, कधी मोबाईलमधली अक्षरं मोठी करून घ्यायला. पुढे अक्षरं इतकी मोठी झाली की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावे. बसायचे, पण निलेशला सरळ काही विचारायची छाती होत नव्हती. आपण विचारलं आणि त्याच्या मनातलं आणखी पक्कं झालं तर? श्वेता चहा आणायची, "काका, गप्प का हो?" म्हणायची, आणि परब घाईघाईने मोबाईल पुढे करायचे.

मग त्यांना वाट सापडली. माणसांना सांगायचं नाही अशी शपथ आहे. देवाला सांगितलं तर? आणि ते ऐकायला माणसं असली, तर त्यात आपला काय दोष?

पूजा झाली, आरती झाली, परब उभे राहिले. लिफ्ट झाली, पाण्याचं प्रेशर झालं. मग परबांनी हात घट्ट जोडले. "आमच्या निलेशाक जगूचा नको वाटता, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही गर्जलो. शिऱ्याचे द्रोण भरले जात होते. कुणी कशाला ऐकतंय? गाऱ्हाण्यात ऐकायचं नसतं, ओरडायचं असतं.

परबांनी डोळे उघडले. पुन्हा तेच म्हटलं, जोरात. आम्हीही जोरात, "व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेत निलेश पांढराफटक पडला होता.

तेव्हा परबांनी जोडलेले हात सोडले. "अरे, ऐकतास काय? निलेशाक मरूचा वाटता! देवाक नाय, तुमका सांगतंय!"

निलेश उठला आणि चालू लागला. श्वेता हातातला द्रोण टाकून त्याच्यामागे धावली.

घरी तिने त्याला सरळच विचारलं, "तुला मरावंसं वाटतं?" तो "हो" म्हणाला आणि खूप रडला. दुसऱ्या दिवशी ती त्याला सरकारी हॉस्पिटलात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परब न बोलावता गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

इकडे इमारतीला प्रेमाचा झटका आला. उपम्याचे डबे, योगासनांचे व्हिडिओ, 'पॉझिटिव्ह विचार कर' असं सांगणारे काका. बेल थांबेना. चार भिंतींत आधीच गुदमरणाऱ्या माणसाच्या दाराशी आम्ही सगळे गर्दी करून उभे. शेवटी श्वेताने दारातच सांगितलं, "डबे नकोत. एकेकाने या, बसा, त्याचं ऐका. नाहीतर येऊ नका."

तिकडे हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या परबांना आत बोलावलं होतं. "विचारल्याने कुणाच्या मनात नवं काही शिरत नाही, आजोबा. उलट मोकळं वाटतं. आणि असली शपथ पाळायची नसते, ती मोडलीत हे बरोबर केलंत. पण बायकोला सांगायचं होतं. त्यालाच विचारायचं, आपण दोघं मिळून कुणाला सांगूया? अख्ख्या बिल्डिंगला कशाला?"

परबांनी पहिल्यांदाच दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग निलेशकडे गेले. "माझा चुकला."

"काका, शपथ घेतली होती ना?"

"घेतललंय."

"मग?"

"माझा काय ता रवळनाथच बघून घेतलो. तू जितो ऱ्हव."

निलेशने तोंड फिरवलं. परब जिना उतरून गेले.

निलेश आता श्वेतासोबत मुलुंडला राहतो. गोळ्या चालू आहेत, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जातो, नोकरीही करतो. परबांशी तो बोलत नाही.